नगराचें वर्ष आणि आपलें वर्ष

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या सभेंत बोलावयास उभा राहणाऱ्या माणसाकडून श्रोत्यांच्या बहुधा दोनच अपेक्षा असतात: गेलेल्या पिढ्यांची त्यानें स्तुति करावी आणि भाषण लौकर आटोपावें. पहिलें काम आमच्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं यथास्थित केलें आहे. चर्चची कोनशिला केव्हां बसली, घंटा कोणाच्या देणगींतून आली, छपराच्या दुरुस्तीसाठीं वर्गणीची वही दारोदार कशी फिरली, हें सर्व आपण ऐकलें. दुसरें काम आमच्या हातून कितपत होईल याची आम्हांस शंकाच आहे. कारण आम्हांला नेमून दिलेला विषय, 'आपलें नगर आणि आपण', हा आरंभीं वाटला तितका लहान निघाला नाहीं.

आमच्या घरांत एकाच खिळ्यावर दोन दिनदर्शिका टांगलेल्या असतात. वरची धर्मप्रांताची; तींत उपवासकाळाचा जांभळा, सणांचा पांढरा, रक्तसाक्ष्यांचा तांबडा आणि सामान्य काळाचा हिरवा रंग दिलेला असतो. खालची तिथिवारांची मराठी. तिच्या पाठीमागें दुधाचा हिशेब लिहिलेला असतो. वर्षानुवर्षें आम्ही वरची पाहून चर्चला गेलों आणि खालची पाहून कचेरीला व बाजाराला गेलों. दोन्ही शेजारीं शेजारीं धरून वाचाव्या, हें मात्र आमच्या मनांत कधीं आलें नव्हतें. या भाषणाच्या निमित्तानें तसें वाचून पाहिलें, आणि जें आढळलें तेंच आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे. त्यांत कांहीं आनंदाचें आहे, आणि कांहीं असें आहे कीं तें सांगतांना आमची मान खालीं जाते.

प्रारंभ एका योगायोगानें करूं. ता. ११ ऑक्टोबर १९६२ रोजीं रोम येथें पोप तेविसावे योहान यांनीं द्वितीय व्हॅटिकन परिषदेचें उद्घाटन केलें. त्यानंतर अडतीस दिवसांनीं, ता. १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं, राष्ट्रपति डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या हस्तें या आपल्या कोल्हापुरांत शिवाजी विद्यापीठाचें उद्घाटन झालें. हिमालयाच्या सीमेवर त्या वेळीं चीनशीं युद्ध चालू होतें. देशावर असा प्रसंग असतांनाही सागरमाळावरचें हें काम थांबलें नाहीं. डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरु झाले, आणि 'ज्ञानमेवामृतम्' हें विद्यापीठानें आपलें ब्रीद ठरविलें. या दोन घटनांचा परस्परांशीं कार्यकारणसंबंध कांहीं नाहीं हें उघडच आहे. रोममधील धर्माचार्यांना सागरमाळ ठाऊक नव्हता, आणि सागरमाळावर जमलेल्या मंडळींपैकीं फारच थोड्यांना परिषदेची वार्ता असेल. तरी त्यांचे परिणाम आपल्या घरांत एकाच पिढीनें अनुभविले. परिषदेनें ता. ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचा जो दस्तऐवज संमत केला, त्यामुळें मिस्सा लोकांच्या भाषेंत होण्याचा मार्ग मोकळा झाला. आमच्या वडील मंडळींना लॅटिन मिस्सा तोंडपाठ होती. तिचा अर्थही पाठ होता असें मात्र म्हणवत नाहीं. आणि विद्यापीठामुळें पन्हाळ्याच्या, शिरोळच्या, कऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या मुलामुलींना आपल्याच मुलखांतील विद्यापीठाची पदवी मिळूं लागली. पुढें ता. २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं परिषदेनें इतर धर्मांशीं असलेल्या ख्रिस्तसभेच्या नात्याविषयीं घोषणापत्र काढलें. तें आपण किती वाचलें आणि किती आचरिलें, हाच आमच्या भाषणाचा खरा विषय आहे असें म्हटलें तरी चालेल.

ख्रिस्तसभेचें वर्ष जानेवारींत सुरू होत नाहीं. नाताळापूर्वींच्या चौथ्या रविवारीं, आगमनकाळाबरोबर तें सुरू होतें. आपण जांभळें वस्त्र वेदीवर घालून ख्रिस्तजन्माची वाट पाहूं लागतों, त्याच सुमारास कोल्हापुरांत फुटबॉलचा हंगाम रंगांत येऊं लागतो. पाटाकडील, शिवाजी, प्रॅक्टिस, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, हीं नांवें घेतलीं कीं या नगरांतील पेठापेठांतून रक्त उसळतें. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे दुपारीं दुकानाच्या गल्ल्यावर मालक सांपडत नाहीं. अलीकडच्या वर्षांत या संघांतून परदेशांतील, विशेषतः आफ्रिकेंतील, खेळाडूही खेळूं लागले. अशा एका तरुणास आम्हीं रविवारच्या मिस्साच्या वेळीं शेवटच्या बांकावर गुडघे टेकलेला पाहिला. तो कोण, कोठला, याची आम्हां वडील मंडळींस कांहींच माहिती नव्हती. परंतु वेदीसेवक मुलांना त्याचें नांव, त्याची पेठ आणि त्यानें मागच्या सामन्यांत किती गोल केले हें सर्व अवगत होतें. मिस्सा संपतांच तीं त्याच्याभोंवतीं जमलीं. धर्मग्रामाच्या समितीला जें सहा महिन्यांत कळलें नव्हतें, तें या मुलांना खेळाच्या मैदानावर कळलें होतें. मुलांनीं मैदानावर जाऊं नये, धर्मशिक्षणाचा वर्ग बुडतो, अशी तक्रार आम्हींही पूर्वीं केलेली आहे. ती आज परत घेतों.

नाताळाविषयीं काय सांगावें! गव्हाणीचा देखावा पाहण्यासाठीं त्या रात्रीं आणि दुसरे दिवशीं आपल्या फाटकापर्यंत रांग लागते. त्या रांगेंत आपली माणसें थोडीं आणि शेजारच्या पेठांतील हिंदु, जैन, मुसलमान कुटुंबें अधिक असतात. बायका पायांतील वहाणा बाहेर काढून ठेवतात, कडेवरच्या मुलाचे दोन्ही हात धरून जोडवितात. आपण त्यांना केक देतों, आणि त्यांच्याकडे पाहून आपणांस धन्य वाटतें. येथवर ठीक आहे. पण हीच माणसें स्वतःच्या सणाच्या दिवशीं कोणत्या दाराशीं रांग लावून उभीं राहतात, हें पाहण्यास आपल्यापैकीं किती जण गेले? पाहुणचार करणें आपणांस साधतें. पाहुणे होऊन जाणें अजून साधलेलें नाहीं.

उदाहरणार्थ किरणोत्सव घ्या. अंबाबाईच्या मंदिरांत ता. ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी, तसेंच ता. ९, १० व ११ नोव्हेंबर या दिवशीं मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून सरळ गाभाऱ्यांत शिरतात. पहिल्या दिवशीं ते मूर्तीच्या चरणांपर्यंत येतात, आणि तिसऱ्या दिवशीं मुखापर्यंत पोहोंचावेत अशी अपेक्षा असते. दरवर्षीं तसें होतेंच असें नाहीं. वाटेंत उंच झालेल्या इमारती, हवेंतील धूळ, क्षितिजावरील ढग, यांपैकीं कांहीं आड आलें म्हणजे किरण मध्येंच विरतात, आणि जमलेले लोक हळहळत घरीं जातात. आतां वरची दिनदर्शिका पाहा. ता. २ फेब्रुवारी हा आपल्याकडे प्रभूच्या समर्पणाचा सण. नाताळापासून चाळीसाव्या दिवशीं बाळ येशूला मंदिरांत नेलें, आणि वृद्ध शिमोनानें त्याला कवेंत घेऊन राष्ट्रांना प्रकाश देणारा म्हणून ओळखलें. त्याच्या स्मरणार्थ आपण मेणबत्त्यांना आशीर्वाद देतों. म्हणजे एकाच दिवशीं, एकाच नगरांत, इकडे मेणबत्त्या आणि तिकडे सूर्यकिरण. या दोहोंचा अर्थ एकच आहे असें आम्ही म्हणत नाहीं. श्रद्धेच्या बाबतींत अशी सरमिसळ करणें हें दोन्ही पक्षांवर अन्याय करण्यासारखें आहे. परंतु त्या सायंकाळीं शेजारी कशाची वाट पाहत उभा आहे, आणि इमारत आड आली तर त्याला काय वाटतें, इतकें तरी आपणांस ठाऊक असावें.

चैत्राचें गणित याहून मौजेचें आहे. आपला पुनरुत्थानाचा सण मार्चच्या एकविसाव्या तारखेनंतरच्या पौर्णिमेवर अवलंबून असतो, आणि वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरील ज्योतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेस भरते. त्यामुळें अनेक वर्षीं दोन्ही एकाच आठवड्यांत किंवा लागोपाठ येतात. अधिक मासाच्या हिशेबामुळें कधीं सुमारें महिन्याचें अंतर पडतें, जसें २०२४ सालीं पडलें. पण २०२२ सालीं ता. १६ एप्रिलला, म्हणजे आपल्या पवित्र शनिवारीं, चैत्र पौर्णिमा होती, आणि दुसरे दिवशीं, ता. १७ रोजीं, ईस्टर. करोनाच्या सांथीमुळें आधींचीं दोन वर्षें डोंगरावर यात्रा भरली नव्हती. आपलेंही २०२० सालचें ईस्टर बंद दाराआड गेलें होतें. त्या शनिवारीं गुलालानें माखलेलीं माणसें, खांद्यावर उंच सासनकाठ्या, आणि 'चांगभलं' असा गजर डोंगरावर चालला होता. रात्रीं आपण अंधारांत नवा अग्नि पेटवून पास्काची मोठी मेणबत्ती चर्चमध्यें आणली. दोन वर्षांनंतर मोकळ्या हवेंत एकत्र जमण्याचा तो आनंद दोन्हीकडे सारखाच होता, हें त्या दिवसांत बाहेर पडलेल्या कोणासही सांगावें लागणार नाहीं.

त्यानंतर तीन आठवडे गेले नाहींत तोंच या नगरानें असें कांहीं केलें कीं त्याचा आम्हांस आजही विस्मय वाटतो. राजर्षि शाहू महाराजांचें ता. ६ मे १९२२ रोजीं मुंबईस देहावसान झालें. त्यास शंभर वर्षें पूर्ण झालीं त्या दिवशीं, म्हणजे ता. ६ मे २०२२ रोजीं, सकाळीं ठीक दहा वाजतां कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभें राहिलें. तो महिन्याचा पहिला शुक्रवार होता. येशूच्या पवित्र हृदयाची मिस्सा आटोपून आम्ही दसरा चौकाकडे आलों होतों. रिक्षावाल्यांनीं यंत्रें बंद केलीं. एका भाजीवालीनें हातांतलें तागडें खालीं ठेविलें आणि ती पदर सांवरून उभी राहिली. शाळकरी मुलें, पोलिस, बँकेंतील कारकून, सर्व जेथल्या तेथें. शंभर सेकंद हा काळ बोलण्यांत थोडा वाटतो. गजबजलेल्या चौकांत उभें राहून तो मोजून पाहावा.

ज्या चौकांत आम्ही उभे होतों, त्याच्या आसपास महाराजांच्या काळचीं विद्यार्थिवसतिगृहें आहेत. तीं आपण रोज पाहतों आणि म्हणूनच पाहत नाहीं. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, आणि त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी, सोनार, अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग, अशीं एकामागून एक वसतिगृहें महाराजांनीं काढलीं किंवा काढविलीं, त्यांना जागा व पैसा दिला. ज्या जातींत शिक्षण नव्हतें, त्या जातींतला मुलगा खेड्यांतून कोल्हापुरास आला तर त्याला राहावयास जागा कोण देणार, इतक्या साध्या प्रश्नापासून हें सारें निघालें. ता. २६ जुलै १९०२ रोजीं महाराजांनीं संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठीं शेंकडा पन्नास जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, आणि १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचें ठरविलें, हें शाळेंतील मुलांस पाठ असतें. या वसतिगृहांच्या यादींत हिंदी ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचेंही नांव आहे, हें मात्र आपल्या धर्मग्रामांतील किती मुलांस ठाऊक आहे, असें आम्हीं गेल्या महिन्यांत विचारून पाहिलें. कोणालाच ठाऊक नव्हतें. मुलांनाच नांव ठेवण्याचें कारण नाहीं. आम्हांला स्वतःला तें पन्नाशी उलटल्यावर कळलें.

त्या काळीं येथें ख्रिस्ती म्हटले म्हणजे मुख्यतः अमेरिकन मिशनचे आपले प्रॉटेस्टंट बंधु. वाइल्डर साहेबांनीं १८५२ सालीं येऊन तें काम आरंभिलें होतें. आपल्यापैकीं बहुतेकांचीं घराणीं मागाहून आलीं. कोणी गोव्याहून, कोणी मंगळुराहून, कोणी केरळांतून, कोणी नगर जिल्ह्यांतून. कोणी शाळेच्या निमित्तानें, कोणी कारखान्याच्या, कोणी दवाखान्याच्या. परंतु ज्या नगरांत आपण आलों, त्या नगरानें ख्रिस्ती मुलाच्या अंथरुणाची आणि दिव्याची काळजी आपण येण्यापूर्वींच करून ठेवली होती. एका हिंदु राजानें ती केली. ही गोष्ट लक्षांत ठेवून पुढचें ऐकावें.

कारण आतां जें सांगावयाचें आहे तें सांगणें जड जातें. जून २०२३ च्या पहिल्या आठवड्यांत समाजमाध्यमांवरील कांहीं मजकुरावरून या नगराचें वातावरण तापलें. ता. ७ जून रोजीं बंद पुकारला गेला, जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांना बळाचा वापर करावा लागला आणि इंटरनेटची सेवा बंद ठेवण्यांत आली. शाहू महाराजांचें नांव दिवसांतून दहा वेळां घेणाऱ्या नगरांत हें घडलें. आपण त्या दिवशीं काय केलें? फाटक लावून घेतलें. मुलें सुखरूप घरीं पोहोंचलीं याची खात्री करून घेतली, तें योग्यच होतें. त्यानंतर आपण गप्प राहिलों.

दर नाताळांत आपल्या चर्चवर शिडी लावून दिव्यांच्या माळा आणि कागदी तारे बांधणारा कारागीर मुसलमान आहे. त्याचें दुकान त्या दिवसांत बंद होतें. त्याला फोन करून 'भाई, घरची मंडळी बरी आहेत ना' इतकें विचारावें, हें आम्हांला सुचलें तें तिसऱ्या दिवशीं. आणि सुचूनही आम्हीं तें केलें नाहीं. उगाच कशाला, असें वाटलें. पुढचा रविवार, ता. ११ जून, हा ख्रिस्तशरीराचा सण होता. आपण थाटानें मिरवणूक काढली, फुलें पसरलीं, गीतें गाइलीं. विश्वासू जनांच्या प्रार्थनेंत पावसाची आठवण झाली, शाळेच्या नव्या वर्षाची झाली, आजारी मंडळींची झाली. जखमी झालेल्या नगराची झाली नाहीं. त्या प्रार्थना लिहून देण्याचें काम आमच्याकडेच होतें, म्हणून हा दोष दुसऱ्या कोणावर ढकलतां येत नाहीं. त्या वर्षींही डिसेंबरांत तो कारागीर आला, शिडीवर चढला, तारे बांधून गेला. आम्हीं त्याच्याशीं माळांच्या भावाबद्दल बोललों.

आपण नेहमींच असे वागलों, असें नाहीं. ऑगस्ट २०१९ मध्यें पंचगंगेनें पात्र सोडलें. राजाराम बंधाऱ्याजवळची त्रेचाळीस फुटांची धोक्याची खूण कोठच्या कोठें खालीं गेली, महामार्ग कित्येक दिवस बंद पडला, आणि नगर बेटासारखें झालें. तेव्हां आपल्या बायकांनीं मोठ्या पातेल्यांतून भात शिजविला, आपले तरुण तालमीच्या पोरांबरोबर कमरेइतक्या पाण्यांत उतरले, आणि ता. १५ ऑगस्टला देवमातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आपण पुरांतून आलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्येंच साजरा केला. २०२१ च्या जुलैंतही तेंच. पुरांत आपणांस काय करावें हें समजतें. तेथें पाणी कोणाच्या बाजूचें आहे हा प्रश्न नसतो. माणूस माणसावर धांवून आला म्हणजे मात्र आपले पाय उंबऱ्यांत अडतात.

पावसाळ्याचीच आणखी एक रात्र सांगून पुढें जातों. ता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगींत सांपडलें. दुसरे दिवशीं, ता. ९ रोजीं, केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनीं खासबागेंतील कुस्त्यांचें मैदान १९१२ सालीं सिद्ध केलें, आणि त्यालाच लागून हें नाट्यगृह बांधविलें. १९१५ सालीं 'पॅलेस थिएटर' या नांवानें तें सुरू झालें. ज्या केशवरावांचें नांव पुढें त्याला मिळालें, त्यांनीं ता. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस आपले प्रतिस्पर्धी बालगंधर्व यांच्याबरोबर एकाच रंगमंचावर 'संयुक्त मानापमान' केलें, तेंही टिळक स्वराज्य फंडासाठीं. आणि त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, ते निवर्तले. आगीच्या दुसऱ्या सकाळीं आम्ही तेथें गेलों. काळ्या पडलेल्या भिंतींपुढें नट, तबलजी, पडदे ओढणारे गडी, आणि नाटकाशीं कांहींएक संबंध नसलेलीं माणसें उभीं होतीं. आमच्याबरोबर आपल्या धर्मग्रामांतील एक आजीबाई होत्या. लहानपणीं शाळेच्या स्नेहसंमेलनांत याच रंगमंचावर त्या देवदूत झाल्या होत्या आणि दोन ओळींचें भाषण विसरून रडल्या होत्या. त्या म्हणाल्या, 'विंगेंतून कुणीतरी मला ओळ सांगितली, म्हणून माझी अब्रू राहिली. कोण होतं तें, अजून ठाऊक नाहीं.' नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचें काम पुढें हातीं घेण्यांत आलें. त्या कामासाठीं आपल्या धर्मग्रामाकडून एक पत्र तरी गेलें असतें तर बरें झालें असतें.

भाद्रपद व आश्विन यांविषयीं थोडक्यांत सांगतों. ता. ८ सप्टेंबरचा मारियेच्या जन्माचा सण आणि गणेशोत्सव पुष्कळदां हातांत हात घालून येतात; २०२४ सालीं चतुर्थी ता. ७ रोजीं होती आणि आपला सण ता. ८ रोजीं. मंगळुरी घरांतून नव्या भाताचीं कणसें आणि फुलांच्या परड्या निघतात, आणि त्याच गल्लींतून आरास पाहणारे लोक चाललेले असतात. ऑक्टोबरांत आपली जपमाळ आणि त्यांचें नवरात्र. मग दसरा चौकांतील सीमोल्लंघन. याबद्दल अधिक बोलण्याचें कारण नाहीं, कारण या दिवसांत आपले लोक निदान रस्त्यावर तरी असतात.

नोव्हेंबर हा महिना आम्हांस विशेष प्रिय. ता. २ रोजीं आपण दफनभूमींत जाऊन आपल्या मृतांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतों. त्रिपुरी पौर्णिमेस पंचगंगेच्या घाटावर पणत्यांच्या ओळी लागतात. २०२५ सालीं ही पौर्णिमा ता. ५ रोजीं होती, म्हणजे मध्यें तीनच दिवस गेले. मग किरणोत्सवाचे तीन दिवस, आणि ता. १८ रोजीं विद्यापीठाचा वर्धापनदिन.

विद्यापीठाचें नांव आम्हीं आरंभीं घेतलें तें येथें पुन्हां येतें. कोल्हापूर, सांगली व सातारा या तीन जिल्ह्यांतील मुलें तेथें येतात. दीक्षान्त समारंभाच्या सुमारास ग्रंथदिंडी निघते. पालखींत ग्रंथ ठेवून, टाळमृदंगाच्या गजरांत, विद्यार्थी व अध्यापक चालतात. ती दिंडी पाहतांना आमच्या मनांत आलें कीं मराठी ग्रंथसंपदेंत आपलें कांहीं नाहीं काय? फादर थॉमस स्टीफन्स यांचें ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ सालचें. फादर हेन्री डोरिंग यांनीं सुरू केलेलें 'निरोप्या' मासिक १९०३ सालचें, आणि हे डोरिंग पुढें पुण्याचे बिशप झाले. त्याच पुणें धर्मप्रांताचे माजी बिशप थॉमस डाबरे यांचा डॉक्टरेटचा प्रबंध तुकाराममहाराजांवर. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. आणि आपल्या धर्मग्रामांत? इंग्रजी मिस्साला उभें राहावयास जागा नसते, मराठी मिस्साला बांक रिकामे असतात, आणि नगर जिल्ह्यांतून शिकावयास आलेला आपलाच मराठी कॅथलिक विद्यार्थी एकदोन रविवार येऊन पुढें दिसत नाहींसा होतो. त्याचें नांव, खोली, विषय यांची नोंद आपल्याकडे नसते. फुटबॉल खेळणाऱ्या त्या परदेशी तरुणास निदान वेदीसेवक मुलें होतीं.

तेव्हां या सभेपुढें आमची एकच सूचना आहे, आणि ती सभागृहाविषयींची आहे. आपलें सभागृह चांगलें आहे. लग्नें, बारशीं, फेस्ताचें जेवण आणि आजच्यासारखी सभा, एवढ्यापुरतें तें उघडतें. वर्षाचा बहुतेक काळ तें कुलुपांत असतें. उलट राजारामपुरी, शाहूपुरी या भागांत एकेका खोलींत चार चार विद्यार्थी राहतात. त्यांत विद्यापीठाच्या परीक्षांचे आहेत, सरकारी नोकरीच्या परीक्षांचे आहेत, आणि त्या खोल्यांत रात्रीं एकाला वाचावयाचें असेल तर तिघांना झोंप येत नाहीं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या नगराला वाचावयास जागा देत आलें आहे. पण एवढ्या मुलांना तें एकटें किती पुरणार? सायंकाळीं सहापासून रात्रीं दहापर्यंत आपलें सभागृह अभ्यासिका म्हणून उघडें ठेवावें, आणि येणाऱ्याची जात, धर्म अगर आडनांव विचारूं नये. हजेरीच्या वहींत नांव व गांव पुरे.

समितीच्या बैठकींत यावर आक्षेप निघाले, ते आपल्या कानांवर आलेच असतील. विजेचें बिल कोण भरणार, गोंगाट होईल, मुली येतील तर त्यांच्या परतण्याची जबाबदारी कोणाची, आणि शेवटीं, उद्यां कांहीं झालें तर? पहिले तीन आक्षेप खरे आहेत आणि त्यांची तजवीज करतां येते. बिलाचा पहिल्या वर्षाचा भार आम्हीं चार घरांनीं वांटून घेण्याचें ठरविलें आहे. मुलींसाठीं आठ वाजतां आपल्यापैकीं एक बाई त्यांच्याबरोबर वसतिगृहापर्यंत जाईल. चौथ्या आक्षेपास आमच्यापाशीं उत्तर नाहीं. १९०१ सालीं दरबारांतील हिशेबनिसांनींही महाराजांना असेंच कांहीं विचारलें असेल, अशी आमची आपली कल्पना आहे.

दिवे बांधणाऱ्या त्या कारागिराकडे आम्ही मागील सोमवारीं गेलों होतों. सभागृहांत वाचावयास पुरेल इतका उजेड पाडण्यास किती दिवे लागतील, तें त्यानें मोजून सांगितलें, आणि मजुरी घेणार नाहीं म्हणाला. आम्हीं तें मान्य केलें नाहीं. त्यावर बराच वेळ वाद झाला, व चहा झाला. २०२३ च्या जूनचा विषयही निघाला. काय बोलणें झालें तें येथें सांगण्यासारखें नाहीं.

सभागृहाची किल्ली सध्यां आमच्याच खिशांत आहे. सभा संपतांच ती फादरांच्या स्वाधीन करणार आहों. ज्यांना आठवड्यांतली एक सायंकाळ अभ्यासिकेसाठीं देणें शक्य आहे त्यांनीं आपलें नांव व वार दाराशीं ठेवलेल्या वहींत लिहावा. पेन दोऱ्यानें बांधून ठेवलें आहे.